खोली पाचमधला समर्थ

“रविवारी नऊला बाहेर पडलात ते सहालाच आलात ना ताई?”

जयदीपने हे विचारलं तेव्हा तो पाण्याच्या मोटारीचं बटण दाबत होता. आवाजात चौकशी कमी, आपुलकी जास्त. स्वरूपा हो म्हणाली आणि जिना चढून गेली. कुलूप काढताना तिच्या लक्षात आलं की रविवारी जयदीप भोसरीत नव्हताच. तो बायकोमुलांना घेऊन जेजुरीला गेला होता आणि सोमवारी सकाळी परतला होता.

स्वरूपा तीस वर्षांची आहे. मूळची केजची. लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, अंबाजोगाईला लग्न झालं, अडीच वर्षांत मोडलं. सासरी स्वयंपाकघरात दुधाचे खाडे लिहायचं कॅलेंडर होतं. सासू त्याच चौकोनांत सुनेच्या जाण्यायेण्याच्या वेळा पेन्सिलीने टिपून ठेवायची. दुधाचा खाडा निळ्या पेनने, सुनेची वेळ पेन्सिलीने. भांडण झालं की कॅलेंडर खाली उतरायचं आणि मोठ्याने वाचलं जायचं. स्वरूपा लग्नाबद्दल फार बोलत नाही, कॅलेंडरबद्दल बोलते.

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये ती प्रोग्रॅमर आहे. धातूच्या ठोकळ्यावर मशिनचं हत्यार कुठून कसं फिरायचं, ते ती कॉम्प्युटरवर आखून देते. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. राहायला जागा शोधताना चार घरांनी तिला परत पाठवलं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच होता, मिस्टर कुठे असतात. पाचव्या घरी विमलबाई ओट्यावर गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “सैपाक करतीस का डबा लावतीस?” स्वरूपा म्हणाली, करते. “मग ऱ्हा.” मागच्या बाजूच्या आठ खोल्यांपैकी वरची पाच नंबरची तिला मिळाली. करार अकरा महिन्यांचा. त्यात एक ओळ जयदीपने हाताने वाढवली होती, पाहुणे मुक्कामी चालणार नाहीत.

जयदीप हा विमलबाईंचा मुलगा. घराणं भोसरीचंच. आजोबांच्या वेळी बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली, घरामागच्या जागेवर खोल्या झाल्या, मोशीकडे थोडं रान अजून शिल्लक आहे. जयदीपचे तीन टेम्पो चाकणच्या कंपन्यांत माल पोचवतात. कुठला टेम्पो कुठे थांबलाय, किती वेळ थांबलाय, हे मोबाइलवर बघायची त्याला सवय आहे. ती सवय टेम्पोवरून घरावर कधी आली हे त्यालाही सांगता येणार नाही.

स्वरूपाने रविवारचं विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही. उलट कौतुकाने मोबाइल पुढे केला.

“हे बघा. वायफायचा नवा डबा बसवलाय ना, त्याचं ॲप. घरातलं प्रत्येक यंत्र यात दिसतं. हिरवा ठिपका म्हणजे घरात, करडा म्हणजे बाहेर. खाली वेळ येते.”

यादी लांब होती. आई मोबाईल. खोली १, खोली २. मग ‘खोली ५ स्वरूपा लॅपटॉप’, ‘खोली ५ स्वरूपा मोबाईल’. नावं त्याने स्वतः टाकली होती, मराठीत, काळजीपूर्वक.

“नवीन कुणी जोडलं की टिंग वाजतं. मागे दोन नंबरवाल्यांची सायकल गेली ना, तेव्हापासून केलंय. घराची सेफ्टी.”

“पण सायकलला वायफाय कुठे असतं?”

जयदीप हसला. “तुम्ही पण ना ताई. घरातल्यासारख्या आहात तुम्ही, तुम्हाला काय लपवायचंय?”

लपवायचं असं काही नव्हतं, एक गोष्ट सोडली तर. ऑक्टोबरात स्वरूपाने तापाचं कारण सांगून एक दिवस रजा घेतली आणि चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीला जाऊन आली. कंपनीने कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. पण त्याच आठवड्यात एका साखरपुड्यात जयदीप आणि वर्कशॉपचे मालक नानासाहेब शेजारी शेजारी जेवायला बसले. दोघं एकाच भावकीतले. दुसऱ्या दिवशी नानासाहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“उतरला का ताप? जयदीप म्हणत होता, आठला बाहेर पडल्या त्या चारला आल्या. तापाला हिंडवून आणलं म्हणायचं.”

पलीकडचे दोन ऑपरेटर हसले. नानासाहेब एवढं बोलून गेले. पण त्यानंतर तिची रजेची चिठ्ठी ते दोनदा वाचू लागले.

त्या दिवसापासून स्वरूपाचं खोलीतलं वागणं बदललं. फाटकातून आत येताना ती फोनचं वायफाय बंद करायची, वर गेल्यावर नेट लागायचं म्हणून चालू करायची, आणि आता तिकडे ठिपका हिरवा झाला असेल असं मनात यायचं. वर पत्रा, दोन बाजूंना शेजारच्या इमारतींच्या भिंती. मोबाइलची रेंज एक काडी, तीही दारात उभं राहिल्यावर. रविवारी ती डिझाइनचा ऑनलाइन कोर्स करायची, त्याला वायफायशिवाय इलाज नव्हता. बटाटे चिरता चिरता ती उठायची, वायफाय बंद करायची. दहा मिनिटांनी पुन्हा चालू. आपण हे करतोय म्हणजे यादीत करडा, हिरवा, करडा, हिरवा असं दिसत असणार, हे लक्षात आलं तेव्हा तिने ते सोडलं.

वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरांचं प्रीतम बघतो. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला विचारलं, “प्रीतमभाऊ, नाव नाही टाकलं तरी वायफायच्या डब्याला कसं कळतं की हा माझाच लॅपटॉप?”

“चेसिस नंबर,” प्रीतम म्हणाला. “गाडीला असतो ना, तसा नेटवर्कच्या कार्डाला असतो. बारा अक्षरी पत्ता, कंपनीतूनच ठोकून येतो. वायफायला जोडलं की पहिला तोच सांगायचा. तू नाव काहीही सांग, चेसिस खोटं बोलत नाही.”

“मग तो घासून काढायचा?”

“घासायचा कशाला? वरून पट्टी चिकटवायची. रोज नवी.” त्याने जेवणाचा डबा बाजूला केला आणि तिने सोबत आणलेला लॅपटॉप ओढून घेतला. सेटिंगमध्ये आत, अजून आत गेला. “हे बघ. हार्डवेअरचा पत्ता रोज आपोआप बदल, असं सांगून ठेवलंय. खरा आत राहतो, बाहेर रोज वेगळा दिसतो. फोनमध्येही करून देतो.” मग कपाळाला हात लावला. “अरे, लॅपटॉपचं नावच स्वरूपा आहे. पत्ता बदलून उपयोग काय, नावाचा बोर्ड तर तोच. दुसरं नाव सांग.”

“कुठलंही टाका.”

कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा निळा जार होता. त्यावरच्या चिकटपट्टीवर पाणीवाल्याचं नाव छापलेलं होतं. प्रीतमने ते बघून टाइप केलं, समर्थ. फोनलाही तेच.

“आणि हे बघ मॅडम, इथल्या पीसीला असलं काही करू नको. त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स याच नंबराला बांधलंय. नंबर हलला की सॉफ्टवेअर मेलं. मग नानासाहेबांचं एवढं मोठं मशिन, त्यावर आपण नुसता डबा ठेवून जेवायचं.”

पुढचे आठ दिवस स्वरूपाला बरं वाटलं. जयदीप वेळेबद्दल काही बोलला नाही. मोटारीपाशी भेटला तरी मान हलवून बाजूला व्हायचा. ती बाहेर जायची, यायची आणि कुणाला ठाऊक नसायचं. रविवारी ती पिंपरीच्या बाजारात तासभर उगाच फिरली. काही घेतलं नाही. फक्त किती वाजले ते एकदाही बघितलं नाही.

नवव्या दिवशी जयदीप जिन्याखाली थांबला होता.

“ताई, पाहुणे आलेत का कुणी?”

“नाही तर.”

“नाही, विचारलं आपलं.” तो तिच्याकडे न बघता जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने काढत राहिला. “तीस तारखेला करार संपतोय. या वेळी आईशी बोलून सांगतो.”

मागच्या महिन्यात हाच माणूस म्हणाला होता की करार काय ताई, नुसती सही. स्वरूपा वर गेली आणि खाटेवर बसली. मग उठली. आपलं काय चुकलं ते ती शोधत राहिली. भाडं वेळेवर. कचरा वेळेवर. मोठ्याने फोनवर बोलणं नाही. अंगणातला पाण्याचा पाइप कुणीतरी मोडला होता, पण तो तिने नव्हे. तिने मोबाइलवर खोल्यांच्या जाहिराती उघडल्या. पहिल्या तीन फक्त कुटुंबासाठी होत्या. चौथ्या नंबरवर फोन लावला. बाई म्हणाली, एकट्या आहात का, आणि थोडं थांबून म्हणाली, ती खोली गेली. आईचा केजहून फोन आला तेव्हा स्वरूपाने करार चालू आहे असं सांगितलं. परत ये, असं आई म्हणाली असती, आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

सोमवार असाच गेला. मंगळवारी तिची दुसरी शिफ्ट होती, म्हणून सकाळी ती खोलीवर होती. साडेनऊला खालून विमलबाईंची हाक आली. जयदीप चाकणला आणि सून शाळेवर गेल्यानंतरच हाक आली, हे तिला जिना उतरताना कळलं.

विमलबाई सहासष्ट वर्षांच्या. ठेंगण्या, काटक. त्यांनी पाट पुढे सरकवला.

“समर्थ कोण गं?”

स्वरूपा एकदम हसली आणि हसायला नको होतं हे लगेच कळलं.

“पाण्याचा जार, मावशी.”

“चेष्टा करतीस व्हय? जयदीपच्या मोबाइलात रोज दोन नवे समर्थ येत्यात. तू खोलीत आलीस की येत्यात, गेलीस की जात्यात. वीस समर्थ मोजले त्यानं. सुनबाई म्हनली, एकच आसंल, रोज नवे मोबाइल घेऊन येत आसंल. मी म्हनलं, एवढा पैसेवाला गडी पत्र्याच्या खोलीत कशाला येईल?”

स्वरूपाने सांगायचा प्रयत्न केला. “मी लॅपटॉपचा पत्ता रोज बदलते.”

“पत्ता बदलतीस? म्हंजी खोली सोडतीस? आन् आमाला न सांगता?”

“माझा नाही, लॅपटॉपचा. त्याला एक नंबर असतो. त्या नंबरावरून जयदीपभाऊंना कळतं की मी आले, मी गेले. नंबर बदलला की त्यांच्या डब्याला वाटतं कुणी नवीनच आलंय. नाव काय टाकायचं म्हणून जारवरचं टाकलं.”

“कुनापासनं लपतीस?”

“कुणापासून नाही. मी कधी येते, कधी जाते, ते कुणी लिहून ठेवू नये. एवढंच.”

शेगडीवरचं दूध ओसंडायला आलं होतं, विमलबाईंनी उठून गॅस बारीक केला आणि पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, “लपायला गेलीस आन् एक गडी गावला. नसलेला.”

मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि हाताने तिला बोलावलं. कपाटाच्या खालच्या खणात गोधड्यांची चळत होती. विमलबाईंनी मधल्या गोधडीत हात घातला आणि आपला मोबाइल बाहेर काढून दाखवला. पुन्हा आत ठेवला.

“यंत्राला कुनाचं कळतंय? यंत्राचं. मानसाचं त्याला काय बी कळत न्हाई. मग पत्ता कशाला बदलायचा? यंत्र घरी ठिवायचं आन् आपुन जायचं.”

विमलबाईंनी खण आत लोटला.

“आधी पिठाच्या डब्यात ठिवायची. वाजला तरी आवाज येत न्हाई म्हनून. तर जयदीप म्हनला, आई, दोन तास कुठं गेली हुतीस? पत्र्याच्या डब्यात रेंज जाती. गोधडीत जात न्हाई.”

त्या दर मंगळवारी कासारवाडीला जातात. तिथे त्यांची मुलगी जयमाला राहते. दोन वर्षांपूर्वी मोशीच्या रानाच्या कागदांवर बहिणीने हक्क सोडल्याची सही करावी असं जयदीपचं म्हणणं होतं. जयमालाने केली नाही. त्यानंतर जयदीपने बहिणीचं नाव घरात काढायला बंदी घातली. विमलबाई मुलाला काही बोलल्या नाहीत. मंगळवारी देवळात जाऊन येते म्हणायच्या. देऊळ गल्लीच्या तोंडाशी आहे, त्याला तीन तास लागत नाहीत.

“जयमालाचा नंबर गिरनी म्हनून हाय यात,” विमलबाई म्हणाल्या आणि लुगड्याच्या निऱ्या नीट करू लागल्या. “आता तुला म्हाईत झालं. कुनाला बोलायचं न्हाई.”

“नाही बोलणार.”

“मग करार व्हईल.”

रविवारी सकाळी अंगणातल्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून स्वरूपाने जयदीपसमोर सगळं करून दाखवलं. पत्ता बदलला, वायफाय तोडलं, पुन्हा जोडलं. जयदीपच्या खिशात टिंग वाजलं. त्याने बघितलं. समर्थ. तिने पुन्हा केलं. पुन्हा टिंग. तिसऱ्यांदा त्याने मोबाइल काढला नाही.

“म्हणजे माझ्यापासून लपवत होता तुम्ही.”

“तुमच्यापासून नाही, यादीपासून.”

“यादी माझीच आहे ना ताई.”

विमलबाई ओट्यावरून म्हणाल्या, “पोरगी ऱ्हाईल. नवी आनशील ती कशी निघंल ठावं हाय का?” जयदीपने आईचं ऐकलं, पण अट घातली. एका खोलीला दोन यंत्रं, खऱ्या नावाने, खऱ्या पत्त्याने, बाकीच्या यंत्रांना वायफाय लागणारच नाही. स्वरूपाने प्रीतमने लावलेली पट्टी काढून टाकली आणि बारा अक्षरं जयदीपला वाचून दाखवली. त्याने ती टिपून घेतली. सत्तावीस तारखेला करारावर सह्या झाल्या.

त्यानंतर तिने विमलबाईंचं ऐकलं. फोन वायफायला जोडायचाच नाही. लॅपटॉप बंद करायचा नाही. झाकण मिटलं तरी तो जागा राहील असं प्रीतमकडून करून घेतलं आणि तो खोलीत ठेवून ती कामावर जाऊ लागली. जयदीपच्या यादीत खोली पाच आता दिवसरात्र हिरवी असे. “लाइट बिल वाढेल ताई,” तो एकदा म्हणाला. त्यापलीकडे काही म्हणाला नाही. स्वरूपाला मात्र शांत वाटत नव्हतं. आधी तिला स्वतःचं एक गुपित सांभाळायचं होतं, आता दोन झाली होती. मंगळवारी विमलबाई फाटकातून बाहेर पडल्या की त्या परत येईपर्यंत ती दारात तीनचारदा जाऊन यायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी पावणेबाराला तिचा फोन वाजला. दारात रेंज होती, म्हणून लागला.

“ताई, घरी आहात ना? गॅसवाला फाटकात उभा आहे म्हणतोय, कुणी उघडत नाही. आई घरातच आहे, ठिपका हिरवा दिसतोय, पण फोन उचलत नाही. सहादा लावला. पडलीबिडली तर नाही ना? बघा जरा.”

स्वरूपा खाली आली. विमलबाईंच्या दाराला बाहेरून कडी होती. तिने गॅसवाल्याकडून सिलिंडर उतरवून घेतला आणि फोन कानाला लावला.

“बऱ्या आहेत. आंघोळीला गेल्यात.”

“आंघोळ पाचलाच करते ती.”

“केस धुवायल्यात. पाण्याचा आवाज यायलाय.”

जयदीप म्हणाला, “आज मंगळवार आहे ताई.”

“मग?”

“आई मंगळवारी केस धूत नाही. माझ्या आठवणीत तरी कधी धुतले नाहीत.” टेम्पोचा हॉर्न वाजला. “मी मोशीत आहे. येतोच.”

स्वरूपाने कडी काढली, आत जाऊन गोधडीतून विमलबाईंचा फोन काढला आणि गिरणीचा नंबर लावला.

“हां आई, पोचलीस का?” बाईचा आवाज आला.

“मी खोली पाचमधली. मावशी निघाल्या का तिथून?”

“पंधरा मिनिटं झाली. का?”

“जयदीपभाऊ घरी यायलेत. मावशींना कळवता येईल का कसं?”

“कसं कळवू? तिचा फोन तर तुझ्या हातात आहे.”

स्वरूपाने फोन गोधडीत ठेवला, फाटकाशी गेली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, परत आली. मोशीहून भोसरी ट्रॅफिक नसेल तर वीस मिनिटं. दुपारी ट्रॅफिक नसतो. ती पुन्हा तोंडापर्यंत गेली. शेअर रिक्षातून विमलबाई उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता आणि अंगावर बाहेर नेसायचं हिरवं लुगडं.

सगळं ऐकून घेईपर्यंत त्या चालत राहिल्या.

“केस? मंगळवारी?”

“तेच म्हणाले ते.”

“झोपलीय म्हनायचं व्हतं.”

“दार वाजवा म्हणाले असते.”

“काय बाई सुचतं तुला.” फाटकाशी त्यांनी डबा तिच्या हातात दिला. “हे वर ने.”

स्वरूपा वरून बघत होती. विमलबाईंनी अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर बसून अंबाडा सोडला. बादलीत तांब्या बुडवला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. मग ओतला. दुसरा ओतला. तिसऱ्या तांब्याला जयदीप फाटकातून आत आला.

“आई. मंगळवारी?”

“डोकं माझं हाय.”

जयदीपने मोबाइल बघितला. आई मोबाईल, हिरवा, सकाळी सहा दहापासून. मग आईकडे बघितलं. हिरवं लुगडं काठापर्यंत भिजलं होतं आणि पायात चपला होत्या. त्याने सिलिंडर उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाच्या खांबापाशी स्टुलावर उभा होता. हातात ड्रिल, खांद्यावर वायर, खिशात कॅमेऱ्याचं खोकं.

“ताई, स्टूल धरता का जरा? हलतंय.”

स्वरूपाने धरलं. वरून लाल माती तिच्या हातावर पडत होती. विमलबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या.

“त्यात काय दिसतं रं?”

“फाटकातून कोण गेलं, कोण आलं, सगळं. यंत्र नाही, माणूस दिसतो.”

“बरं झालं. म्हंजी मी दिसंन तुला.” विमलबाईंनी सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “दर मंगळवारी धाला. कासारवाडीला जाते मी, जयमालाकडं. दोन वर्सं झाली.”

ड्रिल थांबलं. रस्त्यावरून पीएमपीची बस गेली, तिचा आवाज पूर्ण जाईपर्यंत जयदीप खांबाकडे तोंड करून उभा होता. मग त्याने आईला नाही, खाली वाकून स्वरूपाला विचारलं.

“ताई, तुम्हाला माहीत होतं?”

करारावरची शाई वाळून दोन आठवडे झाले होते, आणि घरमालकाने एक महिन्याची नोटीस दिली की खोली सोडायची, असं त्यात कलम होतं. स्वरूपाने ते पाठ केलेलं होतं. तिने स्टूल सोडलं नाही.

“हो,” ती म्हणाली.

जयदीपने पुन्हा ड्रिल सुरू केलं.

त्याला आता अडीच महिने झाले. नोटीस आलेली नाही. आली नाही म्हणून येणार नाही, असं स्वरूपा मानत नाही. करार ऑक्टोबरपर्यंत आहे. कॅमेऱ्यात मंगळवारी दहाला विमलबाई दिसतात. फोन आता हातातच असतो. जयदीप त्याबद्दल घरात एक शब्द बोलत नाही आणि कासारवाडीला गेलेला नाही. जयमालाचा स्टीलचा डबा घासून, कोरडा करून स्वरूपाने विमलबाईंना परत दिला. त्यात शेंगदाण्याची चटणी होती, ती दोघींनी अर्धी अर्धी वाटून घेतली.

लॅपटॉप ती आता काम झालं की बंद करते. चाकणला आणखी दोन ठिकाणी अर्ज केलेत. एका ठिकाणची मुलाखत येत्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. नानासाहेबांना तिने रजेचं कारण लिहून दिलंय, मुलाखत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

जयदीपला तिने ते सांगितलेलं नाही. गुरुवारी नऊच्या सुमाराला ती फाटकातून बाहेर पडेल, तेव्हा त्याला दिसेलच.